मुक्काम, वास्तव्य आणि जाब

१९३७ सालच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील कान ह्या शहरात एक विलक्षण मंडळी काही महिने मुक्कामाला होती. त्यांत मेहेरबाबा होते, त्यांचे भारतीय शिष्य होते, त्यांच्यासाठी घरदार सोडून आलेल्या पाश्चात्त्य स्त्रिया होत्या, आणि राहुरीच्या आश्रमातून नेलेला मोहम्मद नावाचा एक 'मस्त'ही होता. ईश्वरी उन्मादात हरवलेल्या ह्या माणसाला राहुरी काय नि कान काय, सारखेच. भारतीय स्त्रिया तेथेही आपले एकांताचे कडक नियम पाळत राहिल्या. समुद्राकाठी राहूनही ह्या मंडळींचे गाव म्हणजे त्यांचे गुरू एवढेच होते. ह्या मुक्कामाला परदेशवास म्हणावे काय, असा प्रश्न पडतो. आणि तो वाटतो तितका शाब्दिक नाही.

कान हे शहर मुळात परक्यांनी नावारूपाला आणले. १८३४ साली लॉर्ड ब्रूम हा इंग्रज राजकारणी नीसकडे निघाला असता पटकीच्या साथीमुळे वाट बंद झाली आणि त्याला ह्या लहानशा कोळीवस्तीत थांबावे लागले. जागा आवडली, त्याने तेथे घर बांधले, आणि त्याच्या पाठोपाठ युरोपातले धनिक येत गेले. कोळ्यांचा समुद्र उपजीविकेचा होता. आलेल्यांचा समुद्र पाहण्याचा होता. एकाच पाण्याचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदू लागले की त्यांतला कोणता टिकतो, हे बहुधा पैशावर ठरते.

मराठीत अशा स्वेच्छेने गेलेल्या माणसाला नेमका शब्द नाही. प्रवासी जाऊन येतो, पाहुण्याचा मान तीन दिवसांचा, बिऱ्हाडकरू भाडे भरतो, उपरा नाइलाजाने उपरा असतो. 'परदेशस्थ' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. पण परतीची वाट मोकळी आहे, आणि ती केव्हा धरायची हे सर्वस्वी ज्याचे त्याच्या हाती आहे, ही त्या स्थितीची खरी खूण तो सांगत नाही. खरा नैतिक प्रश्न येथेच आहे. जो कोणत्याही क्षणी निघून जाऊ शकतो, तो जेथे राहतो त्या गावाचे काय देणे लागतो?

कानची उलट बाजू नगरलाच पाहायला मिळते. अहमदनगरच्या (२०२४पासून अहिल्यानगर) दक्षिणेला दौंड रस्त्यावर अरणगावजवळ १९२३ साली मेहेराबाद उभे राहू लागले, आणि पुढच्या काळात अवर्षणाच्या ह्या माळावर युरोप-अमेरिकेतली माणसे येऊन राहिली. हेलन डाम ह्या स्विस चित्रकर्त्रीने येथल्या समाधीच्या अंतर्भागात भित्तिचित्रे रंगवली. विल्यम डंकिन ह्या इंग्रज डॉक्टराचा मस्तांविषयीचा ग्रंथ १९४८ साली नगरहूनच प्रसिद्ध झाला. साहित्याच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय उदाहरण फ्रान्सिस ब्रॅबझन ह्या ऑस्ट्रेलियन कवीचे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९६९ साली मेहेरबाबांचे निधन होईपर्यंत तो नगरच्या उत्तरेला मेहेराझाद येथे राहिला, आणि तेथे त्याने हाफीजची वाट धरून इंग्रजीत गझला लिहिल्या.

त्याचा गझलसंग्रह 'इन डस्ट आय सिंग' १९७४ साली निघाला. सुरेश भटांचा 'रंग माझा वेगळा' त्याच वर्षीचा. माधव जूलियनांनी फारसी वृत्ते मराठीत रुजवण्याचा जो खटाटोप १९२०-३०च्या दशकांत केला, त्याला आता एका वेगळ्या सामर्थ्याने फळ येत होते. आणि नेमक्या त्याच काळात महाराष्ट्राच्याच एका जिल्ह्यात दुसरा एक कवी तोच आकृतिबंध दुसऱ्या भाषेत घडवत होता. ह्या दोन प्रवाहांची गाठ पडली नाही. मराठी समीक्षेने ब्रॅबझनची दखल घेतली नाही, हा दोष तिचाच. पण ब्रॅबझनच्या कवितेतही पिंपळगाव माळवीची वा अरणगावची बोली कोठे मुरलेली नाही. शीर्षकातली धूळ ही गझलपरंपरेतली, प्रियतमाच्या उंबरठ्यावरची धूळ आहे. नगरच्या माळावर चैत्र-वैशाखात उडणारी धूळ तिच्यात मिसळली असेलही, परंतु तिला स्वतंत्र नाव नाही.

ह्यावर एक प्रामाणिक उत्तर देता येते. ब्रॅबझनने नगरकर असण्याचा दावा कधी केला नाही; तो एका व्यक्तीपाशी राहिला, गावापाशी नाही. उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. माणूस एखाद्या व्यक्तीच्या सहवासात राहतो तेव्हाही तो कोणत्या तरी गावच्या विहिरीचे पाणी पीत असतो, आणि दुष्काळी भागात ही गोष्ट अलंकारिक राहत नाही.

निष्ठा व्यक्तीवर नसून भूमीवरच असेल, तर प्रश्न सुटतो का? आल्बेर काम्यूचे उदाहरण तसे सुचवत नाही. अल्जीरियाच्या किनाऱ्यावरील तिपासा ह्या गावाविषयी त्याने 'नोस' (१९३८) ह्या पुस्तकात जे लिहिले, त्याहून भूमध्य समुद्रावरचे अधिक निखळ प्रेम आधुनिक गद्यात क्वचितच सापडेल. तो तेथे आलेला नव्हता, जन्मलेला होता. गरिबीत वाढलेला होता. तरीही १९४२च्या 'लेत्रांजे' ह्या कादंबरीत समुद्राकाठी गोळ्या खाऊन मरणाऱ्या अरबाला नाव नाही. कमेल दाऊद ह्या अल्जीरियन लेखकाने २०१३ साली त्या मृत माणसाला नाव देणारी कादंबरी लिहिली, तेव्हा सत्तर वर्षे उलटली होती. उन्हावर, दगडांवर, पाण्यावर प्रेम करता येते आणि शेजाऱ्याचे नाव तरीही ठाऊक नसू शकते. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तेथील युरोपीय मोठ्या संख्येने फ्रान्सला गेले. त्यांच्यापैकी अनेकांना ते परतणे वाटले नाही, हद्दपारी वाटली. त्यांचे दुःख खोटे नव्हते. ते केवळ पुरावा म्हणून चालत नाही.

आपल्याकडे भालचंद्र नेमाड्यांनी देशीयतेचा विचार मांडला तेव्हापासून लेखकाचे मूळ कोठे आहे हा प्रश्न समीक्षेत ठाण मांडून बसला आहे. तो निरर्थक नाही. वसाहतीच्या मानसिकतेला त्याने चांगलेच हलवले. परंतु स्वेच्छेने येऊन राहणाऱ्या माणसापाशी हा निकष थिटा पडतो. त्याची मुळे येथे नाहीत हे आधीच मान्य असते. त्याच्याविषयी विचारायला हवे ते मुळांबद्दल नाही, शेजारासंबंधी.

सिंथिया फॅरार ह्यांचा निर्देश येथे टाळता येत नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले. फॅरार १८२७मध्ये मुंबईला आणि १८३९मध्ये नगरला आल्या आणि १८६२ साली तेथेच वारल्या. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, म्हणजे येथल्या माणसांना बदलण्याचा. आजच्या नीतिविचाराला ब्रॅबझनचा निरुपद्रवी मुक्काम त्याहून अधिक निर्मळ वाटेल. तरीही त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्यावर जोतीराव फुल्यांना स्त्रीशिक्षणाच्या कार्याची दिशा गवसली, आणि सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही फॅरारबाईंचे नाव जोडले जाते. असे का घडावे? मुलगी शाळेत धाडायची की नाही हे आईबापांनी ठरवायचे होते. शाळा चालवणारी स्त्री रोज त्यांच्या होकारावर अवलंबून होती, आणि नकार मिळाला तर तो मराठीत ऐकून घ्यावा लागत होता. हेतू कितीही आक्षेपार्ह असो, ह्या अवलंबनाने त्यांना गावाला जाब देणे भाग पाडले. ज्याला कोणी काही विचारू शकत नाही असा सज्जन आणि ज्याला रोज विचारले जाते असा हेतुबद्ध माणूस, ह्यांत गावाचा रहिवासी कोण ठरतो ह्याचे उत्तर सोयीचे नाही.

मराठी बोलणारी माणसे भूमध्य किनाऱ्यावर कायमची जाऊन राहिली, ती कोकणातली बेने इस्रायली. इस्रायलमध्ये ती ज्या गावांत स्थिरावली त्यांत १९५६ साली वसवलेले अश्दोद हे बंदर आहे. ती परदेशी जात नव्हती. आपल्या समजुतीने ती घरी निघाली होती. पण १९६२ साली तेथल्या प्रमुख रब्बीपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी लावली, आणि १९६४ साली आंदोलन करून त्यांना आपले यहुदीपण मान्य करून घ्यावे लागले. घरी आलेल्यांना घराच्या दारातच ओळख विचारली गेली. 'मायबोली' हे मराठी नियतकालिक ह्याच समाजाने तेथे चालवले. कोकणात असताना जी भाषा केवळ बोलण्याची होती, ती तेथे स्मृतीची झाली. आणि ज्या अश्दोदमध्ये ही मराठी बोलली गेली त्याच्याजवळच इस्दूद हे अरब गाव होते. त्याचे रहिवासी १९४८ साली परागंदा झाले. बेने इस्रायलींनी ते उठवले नव्हते. तरीही नव्या गावाने मागचा जाब मिटत नाही, आणि ज्यांनी स्वतः अपमान सोसला आहे त्यांनाही तो चुकत नाही.

नगर जिल्ह्यात आणखी एक वास्तव्य आहे, त्याचा निर्देश अशा चर्चेत सहसा होत नाही. दसरा-दिवाळीनंतर पाथर्डीकडची माणसे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कधी प्रवरेकाठी, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. पाचटाची कोपी उभी राहते, चार-पाच महिने तीत संसार होतो, लेकरे तेथेच खेळतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की सारे आवरून परत. दरवर्षी घराबाहेर इतके महिने काढणाऱ्या ह्या माणसांना परदेशस्थ कोणी म्हणत नाही. त्यांच्या कोपीसमोरच्या सूर्यास्तावर ललितलेख लिहिला गेल्याचे आठवत नाही. ब्रूमला थांबणे आवडले म्हणून शहर झाले. कोयत्याला थांबता येत नाही, कारण उचल फिटलेली नसते. कोठून आलात, किती जण आहात, केव्हा जाणार, हे प्रश्न गावोगावी त्यांना विचारले जातात. कानला आलेल्या पाहुण्याला ते कोणी विचारले नाहीत, आणि मेहेराझादच्या कवीलाही नाहीत.