सरमेची फिर्याद

महाभारताच्या आदिपर्वात, सर्पसत्राची कथा अद्याप पुढेच असताना, एका कुत्रीची फिर्याद नोंदलेली आहे. जनमेजय आपल्या तीन बंधूंसह कुरुक्षेत्री दीर्घ सत्राला बसला असता तेथे आलेल्या एका कुत्र्याला त्या बंधूंनी मारहाण केली; तो रडत आपल्या आईकडे, देवशुनी सरमेकडे, गेला आणि आपण हवीकडे पाहिलेही नाही की त्याला जीभ लावली नाही, असा जबाब त्याने दिला. सरमा यज्ञमंडपात येऊन उभी राहिली, निरपराध लेकराला का मारले असे तिने विचारले, आणि त्या साऱ्या राजमंडळीत तिला उत्तर द्यायला एकही तोंड उघडले नाही. तेव्हा तिने राजाला शाप दिला, की दृष्टीस न पडणारे भय तुझ्यावर येईल.

दरसाल लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या वाघ्या कुत्र्याकडे पाहताना मला हा शाप आठवतो. आमचे पाटस हे काही निवांत गाव नव्हे. पुणे-सोलापूर रस्त्यावरील मालमोटारींचा घोष आणि आगगाडीची शिट्टी ऐकतच वाघ्या लहानाचा मोठा झाला. तुकोबांची पालखी वरवंडहून येऊन रोटीच्या घाटाकडे निघते तेव्हा टाळमृदंगाच्या कल्लोळात तो ओट्यावर स्वस्थ बसून दिंड्या पाहत असतो. तोच वाघ्या पहिला सुतळी बॉम्ब वाजताच कणगीमागे शिरतो, अंग थरथरते, तोंडातून लाळ गळते, आणि समोर ठेवलेल्या दूधभाकरीला तो शिवतसुद्धा नाही. पुष्कळ विचारांती मला असे वाटते, की मृदंगाचा नाद दुरून येतो, वाढतो, समोरून जातो आणि विरतो. त्याला दिशा असते आणि रूप असते. फटाक्याच्या आवाजाला यांपैकी काहीच नाही. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत पोचतो, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंत; एवढ्या तीक्ष्ण श्रवणेंद्रियावर जो आघात कोठून आला हे कळत नाही आणि पुन्हा केव्हा येईल हेही कळत नाही, त्याला सरमेच्या शब्दांत अदृष्ट भयच म्हणावे लागेल.

वेदान्त्यांचा रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपल्या परिचयाचा आहे: अंधारात दोरी साप भासते, दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि त्याबरोबर भयही. माणसाच्या पुष्कळशा भीतींवर हा उपाय चालतो. परंतु आज अमावास्या आहे, हा आनंदाचा आवाज आहे, परवा भाऊबीज झाली की सारे शांत होईल, हे वाघ्याला कोणत्या भाषेत सांगावे? दिव्यांच्या या सणात त्याच्यापाशी नेता येईल असा ज्ञानाचा दिवा आपल्याजवळ नाही. मग ज्याचे भय ज्ञानाने दूर करता येत नाही, त्याच्याविषयी आपला धर्म कोणता?

मला याचे उत्तर त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या टोकाला, महाप्रस्थानिकपर्वात, सापडते. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडल्यावर युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा तेवढा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला स्वर्गात स्थान नाही म्हणतो. आणि युधिष्ठिर उत्तर देतो, की भ्यालेल्याला आणि आश्रयाला आलेल्याला मी टाकणार नाही. तो कुत्र्याला काही समजावून सांगत नाही. तो त्याला सोडत नाही, इतकेच. पशूला पुण्य नाही, त्याची सेवा करून काय पदरी पडणार, असे म्हणणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. कारण त्या क्षणी युधिष्ठिराला कुत्र्याकडून मिळण्यासारखे काहीही नव्हते, आणि गमावण्यासारखा मात्र स्वर्ग होता. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. ते आपल्यापुरतेच मिळवावयाचे असते, असे मला वाटत नाही.

न सोडणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे आता सांगतो. दिवस मावळण्यापूर्वी कुत्र्याला फिरवून आणून जेवू घालावे. माजघराची दारे-खिडक्या लावून त्यांवर गोधड्या सोडाव्यात, रेडिओ मंद चालू ठेवावा, आणि त्याने स्वतः निवडलेला कोपरा त्याला मोकळा द्यावा. साखळीने बांधू नये. भ्यालेले जनावर हिसडे देऊन गळ्याला इजा करून घेते. ओढून बाहेर काढू नये, रागे भरू नये. जवळ आला तर अंगावरून हात फिरवावा. कुरवाळल्याने भीती वाढते हा समज निराधार आहे. एवढ्यानेही ज्याचा थरकाप थांबत नाही, त्याच्या औषधाची तजवीज पशुवैद्याच्या सल्ल्याने सणाच्या कितीतरी आधी करावी; माणसाचे औषध अंदाजाने देणे घातक आहे. गोठ्यातल्या गुरांपाशीही कोणीतरी ओळखीचे माणूस असावे. उसाच्या हंगामासाठी दिवाळीपूर्वीच उतरलेल्या तोडकऱ्यांचे बैल पाचटाच्या कोपीबाहेर उघड्यावर बांधलेले असतात. त्यांना माजघर कोठले? तेथे माळ न लावणे एवढेच त्यांच्यासाठी आपल्या हाती आहे. वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो. पणींनी लपवलेल्या गायींचा माग काढणारी ऋग्वेदातील सरमा ही कुत्रीच होती, हे त्या दिवशी कोणी सांगत नाही.

आतषबाजी हा सणाचा अनादि विधी आहे, असेही कोणी मानू नये. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी आपल्या देशातील आतषबाजीचा जो इतिहास लिहिला, तो इसवी सन १४०० च्या सुमारापासून सुरू होतो. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगतात; तेथील ‘दारूची लंका’ राजा नगराबाहेर पेटवीत असे. नगराबाहेर, हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या रात्री ८ ते १० ही मुदत घालून दिली, तीही पाळली गेली तर वाघ्याची रात्र निम्म्याने हलकी होईल.

गेल्या दिवाळीत शेजारचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा हातात उदबत्ती घेऊन दारात आला आणि म्हणाला, “आबा, आम्ही माळ लावतोय. वाघ्याला आत घ्या.” मी वाघ्याला आत घेतले, दार लावले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून कणगीजवळ बसलो. बाहेर तो मुलगा मोठ्याने आकडे मोजू लागला होता, आम्हांला ऐकू जावे म्हणून.