आईची झोप

घटस्थापना आठवड्यावर आली, घरोघरी धुणी-आवराआवरी सुरू झाली, की नेमकी तेव्हाच तुळजापूरची भवानी झोपायला जाते. भाद्रपद वद्य अष्टमीला मूर्ती सिंहासनावरून उचलून शेजघरातल्या पलंगावर निजवतात. एकदा बसवलेली मूर्ती हलवायची नाही, हा बहुतेक देवळांचा नेम. इथली मात्र चल आहे. निजवण्याआधी बायका बसून तिच्या गादीचा कापूस हातानं मोकळा करतात.

आणि निजते कोण? अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. एका हातात त्रिशूळ, एका हातात दैत्याची शेंडी.

वर्षातून तीनदा ती झोपते. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. मला यातली मधली फार आवडते. दसऱ्याच्या पहाटे देवी सीमोल्लंघनाला निघते ती बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीतून. धक्का लागू नये म्हणून मूर्तीभोवती साड्यांचं जाडजूड दिंड बांधलेलं असतं. प्रदक्षिणा झाली की ती पलंगावर, ती थेट कोजागिरीपर्यंत. युद्ध जिंकलं म्हणून लगेच दरबार भरत नाही.

पोथीतली देवी अशी दमत नाही. उलट देवीमाहात्म्याच्या पहिल्याच अध्यायात झोप म्हणजे तीच: योगनिद्रा होऊन ती विष्णूच्या डोळ्यांवर बसलेली, आणि मधु-कैटभ दैत्यांना मारायला तो उठावा म्हणून ब्रह्मदेव तिची आळवणी करतो. अशा देवीला अंथरूण घालून द्यायचं धाडस पोथीनं केलं नाही, ते तुळजापूरच्या लोकांनी केलं.

उग्र देवतेची पूजा भीतीपोटी होते, असं सर्रास म्हटलं जातं. धाक आहेच. घरात एकामागून एक दुखणी लागली की ‘आईचं काही राहिलंय का’ हा प्रश्न आजही पहिला निघतो. मग जोगवा, गोंधळ, परडी आठवते. पण नुसत्या धाकापोटी कुणी कुणाच्या गादीतला खडा-काडी वेचत बसत नाही. नऊ दिवस राबलेल्या बाईला घरात कुणी ‘जरा पड’ म्हणेल, न म्हणेल; देवीला मात्र इथं हक्काची सुट्टी आहे.

आश्विन पौर्णिमेला ती उठून पुन्हा सिंहासनावर बसते. तेव्हा सोलापूरकडून, कर्नाटकातून पायी आलेली माणसं ‘आई राजा उदे उदे’ करत रांगेत उभी असतात. पायांना फोड, गळ्यात कवड्यांची माळ, आणि प्रत्येकाकडे तिच्यासाठी एकेक नवं काम.