मिनिटांचा हिशेब

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादेत बसून लिस्बनच्या एखाद्या क्लबचा दुय्यम संघ कसा खेळतो, हे माणूस बघणार कुठे? हाती लागतो तो फक्त सामन्याचा तक्ता. वर अकरा नावं, खाली बाकावरची नावं, आणि कोण कोणत्या मिनिटाला उतरलं याचा आकडा. सुनील छेत्रीचं पोर्तुगालमधलं वर्ष माझ्यासारख्यांनी असंच वाचून काढलं. या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे: परदेशी क्लबात काठावर असलेल्या आघाडीपटूचे गोल मोजू नयेत, त्याची मिनिटं मोजावीत.

जुलै २०१२ मध्ये छेत्रीनं स्पोर्टिंग लिस्बनशी दोन वर्षांचा करार केला. आपल्याकडे आनंदीआनंद झाला, कारण याच क्लबातून क्रिस्तियानो रोनाल्डो पुढे आला होता. प्रत्यक्षात छेत्रीची रवानगी झाली ती ‘ब’ संघात. त्या मोसमात पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत मोठ्या क्लबांचे ‘ब’ संघ खेळू लागले होते. हे संघ असतात क्लबच्या उगवत्या पोरांसाठी. छेत्री अठ्ठावीस वर्षांचा, आपल्या देशाचा कप्तान. ऑगस्टच्या अखेरीस तो दिल्लीत नेहरू चषक खेळत होता. २ सप्टेंबरला भारतानं कॅमेरूनला पेनल्टींवर हरवून तो चषक जिंकला. देशासाठी हे सोन्यासारखं होतं, पण नव्या क्लबात जागा धरायच्या ऐन दिवसांत माणूस तिथे नव्हता.

मग फ्रेमुंडेविरुद्धच्या सामन्याच्या तक्त्यात त्याचं नाव आलं. मैदानात उतरला ८५ व्या मिनिटाला.

या आकड्यापाशी जरा थांबायला हवं. ८५ व्या मिनिटाला उतरलेल्या आघाडीपटूला भरपाईचा वेळ धरूनही फार तर सात-आठ मिनिटं मिळतात. त्यात थ्रो-इन, फाउल, गोलरक्षकानं मुद्दाम घेतलेला वेळ हे सगळं आलं. चेंडू पायाला लागणार दोन-चार वेळा, तोही बहुधा गोलकडे पाठ असताना. आघाडीपटूचं कामच असं की दहा वेळा धावावं तेव्हा एकदा पास नेमका येतो, आणि असे पास आले तरी त्यातले बरेच वाया जातात. मधल्या फळीतल्या कोणाची धाव कधी सुरू होते, बाजूचा खेळाडू क्रॉस उंच टाकतो की जमिनीलगत, हे सामन्यामागून सामने खेळल्यावर अंगात भिनतं. चुकायला पुरेसा वेळ मिळाला तरच आघाडीपटू गोल करतो. तो वेळच न देता गोल किती झाले असं विचारणं म्हणजे पाच हात खणून विहीर कोरडी ठरवण्यासारखं आहे.

गोलरक्षकाचं वेगळं. गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला. जागा एकच, ती दुसऱ्याकडे, म्हणून थांबावं लागलं. पण पाळी आली की पूर्ण नव्वद मिनिटं मिळतात. काठावरच्या आघाडीपटूला कधी पूर्ण नकार मिळत नाही आणि पूर्ण संधीही मिळत नाही, मिळतात ते तुकडे. आणि ते तुकडे कोणी, कधी, कशासाठी द्यायचे हे त्याच्या हातात नसतं.

भारताचा आघाडीपटू बायचुंग भुतिया याचं उदाहरण घ्या. १९९९ मध्ये तो इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवरच्या बरी क्लबात गेला. त्याला घेणारे प्रशिक्षक होते नील वॉरनॉक. दोन-तीन महिन्यांत वॉरनॉक शेफील्ड युनायटेडला निघून गेले. पुढे संघाची सूत्रं आली अँडी प्रीस यांच्याकडे, आणि प्रीस स्वतःच आघाडीला खेळणारे! पुढे भुतियाला दुखापतींनीही गाठलं. तीन मोसमांत ३७ लीग सामने, तीन गोल. हे तीन गोल आपल्याकडे कितीदा उगाळले गेले. निवडणारा माणूसच बदलला, हे मात्र क्वचितच कोणी सांगितलं. छेत्रीच्या मोसमातही स्पोर्टिंगच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक एकामागून एक बदलत होते, आणि ‘ब’ संघाच्या प्रशिक्षकाला वर ओढल्यावर खालची घडीही विस्कटली.

छेत्रीची त्याआधीची कथाही अशीच. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी त्याचं जमलं होतं, पण भारताचा फिफा क्रमांक पहिल्या सत्तरात नसल्यानं कामाचा परवाना नाकारला गेला. २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्सकडून स्पर्धात्मक सामना मिळाला एकच. जुलैत मँचेस्टर युनायटेडविरुद्ध मैत्रीपूर्ण लढतीत तो बदली म्हणून उतरला. पण संघाचा एक खेळाडू बाहेर काढलेला, दहाच जण उरलेले, आणि आघाडी २-१ अशी टिकवायची. अशा वेळी आघाडीपटूला काम असतं मागे येऊन जागा बुजवायचं. ते झालं, सामना जिंकला. तक्त्यात मात्र गोल शून्य.

स्पोर्टिंगच्या ‘ब’ संघाकडून त्याला तीन सामने मिळाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो उसनवारीवर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला आणि त्या मोसमात चर्चिलनं आय-लीग जिंकली. पुढच्या मोसमात बंगळुरूकडून त्यानं पूर्ण सामने खेळत लीगमध्ये १४ गोल केले आणि तो संघही विजेता ठरला. लिस्बनचा छेत्री आणि बंगळुरूचा छेत्री यांच्यात अंतर होतं जेमतेम वर्षभराचं. इतक्यात कोणी नव्यानं फुटबॉल शिकत नाही. बदलली ती मिनिटं.

हे आपल्या दारापर्यंत आलेलं आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळला आणि २०१९ मध्ये सरावासाठी ब्लॅकबर्न रोव्हर्सला गेला. त्या क्लबची मालकी पुण्याच्या वेंकीजकडे. मराठी माणसाला अभिमान वाटावा असाच हा योग. पण सराव म्हणजे सामना नव्हे, आणि ज्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्याला अख्खी पेठ लोटते, तिथल्या लोकांना हा फरक समजावून सांगावा लागू नये.

आपल्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी एवढं करावं. आपला कोणी परदेशी क्लबात गेला की सहीचा फोटो जरूर छापावा. त्यानंतर दर महिन्याला एक ओळ द्यावी: किती वेळा बाकावर, किती वेळा मैदानात, एकूण मिनिटं किती. ‘अपयशी’ हा शब्द वापरायचाच असेल, तर तो या ओळीनंतर वापरा.