सामानासकट

परदेशी निघालेल्या मुलाला आम्ही मोहन्यातली मंडळी पूर्वी तीनच प्रश्न विचारायचो. पगार किती, थंडी किती आणि लोणच्याची बरणी विमानात नेऊ देतात का. आता चौथा निघाला आहे : भाड्याचं घर सामानासकट घेणार की मोकळं?

शेजारचा मुलगा जर्मनीला निघाला तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे आला. मी बँकेत कारकून, म्हणजे मला हिशेब कळतो, असा आमच्या आळीचा समज आहे. मी वही काढली. जर्मनीत भाडंसुद्धा थंड आणि गरम असं दोन प्रकारचं असतं. घर उबदार ठेवण्याचा वगैरे खर्च धरला की ते गरम. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीहून जास्त घ्यायची नाही आणि तीही तीन हप्त्यांत देता येते, असा तिथे कायदा आहे. पण तिथलं मोकळं घर म्हणजे अगदीच मोकळं! आपल्याकडे भाडेकरू जाताना फार तर पंखा काढून नेतो. तिथे पुष्कळदा ओटा, कपाटं आणि दिवेदेखील घेऊन जातो. तेव्हा थोडे दिवस राहायचं तर सामानासकट, बरीच वर्षं राहायचं तर मोकळं. भाड्यातला फरक आणि सामानाचा घसारा शेजारी शेजारी मांडला की उत्तर मिळतं. बी. कॉम.ला एवढं शिकवतात.

मुलाच्या आईने वहीकडे पाहिलंदेखील नाही. म्हणाली, "भावजी, सामानासकटच घ्यायला सांगा. पलंग विकत घेतला की माणूस परत येत नाही."

हे वाक्य कुठल्या रकान्यात घालावं, ते मला अजून कळलेलं नाही. तिचं म्हणणं चूक म्हणवत नाही. दुसऱ्याच्या पलंगावर झोपणारा मनाने पाहुणाच असतो. पण एखाद्या गावी दहा वर्षं पाहुणा म्हणून राहायचं, तिथलं पाणी प्यायचं आणि गळका नळ मात्र मालकाचा म्हणायचा, हेही काही खरं नव्हे.

कीर्तनकार देहाला भाड्याचं घर म्हणतात. मला विचाराल तर तो सामानासकट मिळालेला ब्लॉक आहे. नाक आजोबांचं, रक्तदाब आत्याचा, राग वडिलांचा. एकही वस्तू आपण निवडलेली नाही, तरी 'माझं' म्हणतच आपण त्यात राहतो.

आमच्या इथल्या एनआरसीच्या वसाहतीतली घरं कंपनीची होती. आपली नव्हेत, हे राहणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी माणसांनी तिथे पाळणे टांगले, दाराशी तुळस लावली, मुलींची लग्नं केली. कारखाना २००९ साली बंद पडला. घसाऱ्याच्या नियमाने त्या तुळशीची किंमत शून्य. पण ती लावणारा तिथे पाहुणा नव्हता, एवढं नक्की. आणि पाळणा टांगला म्हणून कोणी आपलं मूळ गाव विसरलं नाही. गणपतीला एसटी भरूनच जायची.

तेव्हा घर कुठलं घ्यायचं ते निघणाऱ्याने खुशाल वही बघून ठरवावं. फक्त कुठल्याही घरात स्वतःच्या पैशाच्या दोन खुर्च्या असाव्यात. एक आपल्याला. दुसरी रिकामी आहे, हे तिथल्या शेजाऱ्याला सांगावं आणि इकडे आईलाही कळवावं.