मर्जी, हक्क आणि मंडळ

समतेचे तत्त्व मान्य करणे सोपे असते. त्या तत्त्वाला साजेशी कारभाराची घडी बसवणे कठीण असते. सरकारी नोकरीच्या बाबतीत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने 1950 मध्येच सांगून टाकले. त्याला उघड विरोध करणारा सुशिक्षित मनुष्य आज क्वचितच भेटेल. परंतु एखाद्या कचेरीतील वा कारखान्यातील स्त्रियांनी आपले स्वतंत्र मंडळ काढावे, नव्याने आलेल्या मुलींना चार गोष्टी सांगाव्यात, बढतीच्या वाटेवरील अडचणी वरिष्ठांपुढे एकत्रितपणे मांडाव्यात असे ठरवले, की हेच तत्त्वनिष्ठ गृहस्थ काहीसे अस्वस्थ होतात. समता आली ना, मग हे वेगळे मंडळ कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. तो उडवून लावण्याजोगा नाही. त्यात पूर्वग्रहाचा अंश असेलही. पण त्याच्या मुळाशी एक खरा नैतिक पेच आहे.

पेच असा की, कचेरी ही गुणांची पारख करणारी जागा आहे असे आपण मानतो. तेथे एका वर्गाच्या पाठीशी मंडळ उभे राहिले, तर ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याच्यावर अन्याय होणार नाही काय? शिवाय, स्वतःच्या कर्तृत्वाने वर चढलेल्या स्त्रीकडे बोट दाखवून ‘ही मंडळाच्या आधाराने चढली’ असे लोक म्हणू लागले, तर तिच्या प्रतिष्ठेचे काय? पहिली शंका न्यायाची आहे, दुसरी स्वाभिमानाची. दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

पहिल्या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. या पानांचे बहुतेक वाचक बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेले आहेत. जबलपूर आणि नागपूर ही शहरे 1956 पर्यंत एकाच प्रांतात होती आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्यानंतरही रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, वीज मंडळ, उच्च न्यायालय यांच्या निमित्ताने मराठी माणूस नर्मदेच्या या काठी येत राहिला. नव्या गावी उतरल्यावर त्याने पहिल्या आठवड्यात काय केले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. आपल्या माणसांचा शोध घेतला. गणेशोत्सवात गेला, मंडळात नाव नोंदवले. तेथे त्याला भाकरीच्या पिठापासून मुलांच्या शाळेपर्यंतची माहिती मिळालीच. पण आणखीही काही मिळाले. कोणता साहेब कशाने चिडतो, खात्याच्या परीक्षेला कोणते टिपण उपयोगी पडते, कोणत्या शाखेत काम शिकावयास मिळते आणि कोणत्या शाखेत मनुष्य नुसता कुजतो, गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आला तर किती दिवसांत आणि कोणत्या भाषेत उत्तर द्यावे, ही विद्या कोणत्याही नियमपुस्तिकेत छापलेली नसते. ती संध्याकाळच्या फेरफटक्यात, पत्त्यांच्या डावात, दौऱ्यावरच्या विश्रामगृहात एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

याला आपण कधी पक्षपात म्हटले नाही. परक्या गावी आधार असावा, यात आपल्याला काही गैर वाटले नाही. आणि ते योग्यच होते. मात्र या साऱ्या जागांकडे पुन्हा एकदा नजर टाकावी. फेरफटका, पत्त्यांचा डाव, विश्रामगृहातील रात्रीची गप्पागोष्ट, साहेबांबरोबरचा क्लब: यांपैकी कोणत्या जागी त्याच कचेरीतील स्त्री-सहकारी सहजपणे जाऊन बसू शकली असती? साडेपाचला घंटा झाली की ती घरी निघते, कारण घरी दुसरी कचेरी तिची वाट पाहत असते. आणि खरी विद्या तर साडेपाचनंतरच वाटली जाते. पुरुषांचे मंडळ कचेरीत सदैव होतेच. त्याला नाव नव्हते, घटना नव्हती, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. स्त्रियांचे मंडळ नाव घेऊन उभे राहते, एवढाच काय तो त्याचा अपराध. वारशाने न मिळालेली शिदोरी ते मुद्दाम बांधून देते. यात इतरांच्या ताटातले काही जात नाही.

आता स्वाभिमानाची शंका. येथे जबलपूर शहरच आपल्याला काही शिकवते. या शहराच्या विद्यापीठाला राणी दुर्गावतीचे नाव आहे. नगरपालिकेच्या कार्यालयासमोर सुभद्राकुमारी चौहान यांचा पुतळा 1949 मध्ये उभा राहिला. रणांगणात देह ठेवणाऱ्या राणीपुढे आणि तुरुंगवास सोसणाऱ्या कवयित्रीपुढे आपण मनापासून नतमस्तक होतो. असामान्य स्त्रीचा गौरव करण्यात आपला समाज कधी मागे राहिला नाही. त्याची खरी परीक्षा सामान्य स्त्रीच्या बाबतीत होते. मध्यम बुद्धीचा, प्रामाणिक, कधी चुकणारा, कधी आजारी पडणारा पुरुष कचेरीत तीस वर्षे सुखाने नोकरी करतो आणि यथाकाल बढती घेऊन निवृत्त होतो. तशाच मध्यम बुद्धीच्या, प्रामाणिक स्त्रीला तसेच करता आले पाहिजे. तिने दुर्गावती असलेच पाहिजे, अशी अट घालणे म्हणजे समतेला मान्यता देऊन दार मात्र बंद ठेवणे होय. असामान्य स्त्री मंडळावाचून वर जाईल. मंडळ तिच्यासाठी नाहीच. आणि ‘आधाराने चढली’ ही कुजबुज म्हणाल, तर मंडळे निघण्याच्या कितीतरी आधीपासून ती चालू आहे. तेव्हा ‘साहेबांच्या मर्जीने चढली’ असे म्हणत, इतकेच.

‘मर्जी’ हा शब्द येथे सहज आला. पण साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. स्त्रीला नोकरीत मिळणारे साहाय्य दोन प्रकारचे असते. एक मर्जीचे आणि दुसरे हक्काचे. वरून दोन्ही सारखीच दिसतात, पण मर्जीचे साहाय्य पुष्कळदा उपकाराच्या रूपाने येते आणि वाट अडवून बसते. भारतीय परराष्ट्र सेवेच्या 1961 च्या नियमांत विवाहापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन स्त्री अधिकाऱ्यावर होते आणि संसाराच्या जबाबदाऱ्यांमुळे कामात बाधा येते असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येत असे. पुरुषाच्या संसाराने त्याच्या कामात बाधा येते की नाही, याची चौकशी करणारा नियम कोणी लिहिला नाही. श्रीमती मुथम्मा यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. तोवर त्यांना बढती मिळाली होती आणि विवाहाच्या परवानगीचा नियमही सरकारने काढून टाकला होता, त्यामुळे 1979 मध्ये अर्ज निकाली निघाला. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा भेदभावावर कठोर शब्दांत टीका केली आणि सेवेचे सर्व नियम या दृष्टीने पुन्हा तपासावेत, असे सांगितले.

हीच गोष्ट शेजारच्या चीनमध्ये वेगळ्या रूपाने घडली. तेथील क्रांतीने स्त्रीला कारखान्यात आणि कचेरीत आणले, कामगार संघटनांतून स्त्री-कर्मचाऱ्यांच्या समित्या स्थापन झाल्या, आणि समतेचा घोष तर आपल्यापेक्षा मोठा झाला. तरीही 1950 च्या दशकात ठरलेल्या निवृत्तीच्या वयानुसार पुरुष साठाव्या वर्षी, कचेरीतील स्त्री पंचावन्नाव्या आणि कारखान्यातील स्त्री पन्नासाव्या वर्षी निवृत्त होत असे. स्त्रीला लवकर विश्रांती द्यावी, हा हेतू वरकरणी कनवाळू होता. प्रत्यक्षात, जेव्हा पुरुषाच्या हाती अधिकाराची जागा येते, नेमकी तीच वर्षे स्त्रीच्या हातून गेली. ही वये वाढवण्यास तेथे 2025 च्या जानेवारीपासून हळूहळू सुरुवात झाली आहे. पण वाढलेल्या वयातही अंतर उरणारच आहे. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातही रात्री सातनंतर स्त्रीला कामावर ठेवू नये, असे कलम होते. त्याने काही स्त्रियांचे रक्षण झाले असेल. पण रात्रपाळीचा अनुभव ज्या जागेसाठी लागतो, ती जागा त्यांच्यासाठी आपोआप मिटली. मर्जी स्त्रीला विचारीत नाही. तिचे हित कशात आहे, हे ती परस्पर ठरवून मोकळी होते.

हक्काचे साहाय्य याहून निराळे असते. त्याचा प्रारंभ विचारण्यापासून होतो, आणि विचारावयाचे तर कोणीतरी उत्तर देणारे असावे लागते. एकटी स्त्री उत्तर देत नाही. कारण तिने तक्रार केली तर ती तक्रारखोर ठरते आणि गप्प राहिली तर तिला काही अडचण नाही असे ठरते. दहाजणींनी मिळून सांगितलेली गोष्ट ही कोणा एकीची कुरकुर राहत नाही. ती कचेरीची अवस्था ठरते. मंडळाचे खरे नैतिक समर्थन हे आहे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 मध्ये पुण्यास सेवासदन सुरू केले, तेव्हा त्यांच्या ध्यानी हेच आले होते की, परिचारिकेचे वा शिक्षिकेचे काम स्त्रीला खुले आहे असे नुसते सांगून भागत नाही; तिला शिकण्याची सोय हवी, राहण्यास निर्धास्त जागा हवी, आणि आपण हे करतो यात काही वावगे नाही असे म्हणणारी चार माणसे भोवती हवीत. दार उघडे असणे आणि दारापर्यंत वाट असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

वाट नसताना नुसती संख्या वाढली तर काय होते, याचे उदाहरण जबलपूरच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. 2023 मध्ये मध्य प्रदेशातील सहा स्त्री दिवाणी न्यायाधीशांची सेवा, त्या परिवीक्षाधीन असताना, समाधानकारक काम नसल्याच्या कारणावरून संपवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. त्यांपैकी चौघींना पुढच्या वर्षी परत घेण्यात आले. उरलेल्या दोघींच्या बाबतीतला आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2025 रोजी रद्द केला. काम मोजताना त्या काळात एकीवर ओढवलेल्या गर्भपाताचा आणि घरातील दुर्धर आजाराचा विचार झाला नव्हता. निकालाचा आशय मनन करण्याजोगा आहे. स्त्री असणे ही निकृष्ट कामावरची ढाल नव्हे, हे न्यायालयाने स्पष्ट केले. परंतु स्त्री न्यायाधीशांची संख्या वाढली यात समाधान मानून चालणार नाही, त्यांना काम करण्यास समंजस वातावरण आणि मार्गदर्शन लाभले पाहिजे, असेही बजावले. ज्यांनी इतरांना न्याय द्यावयाचा, त्यांना स्वतःसाठी देशाच्या राजधानीपर्यंत जावे लागले. आरंभीच त्यांचे ऐकणारे, त्यांना सावध करणारे कोणी जवळ असते, तर हा प्रवास कदाचित टळला असता.

तथापि, मंडळ काढले म्हणजे हे सारे आपोआप साधते, अशा भ्रमात कोणी राहू नये. मंडळाचे हळदीकुंकू होण्यास वेळ लागत नाही. रेल्वेत, सैन्यात, कारखान्यांच्या वसाहतींत महिलांच्या कल्याण-संस्था आहेत आणि त्यांनी पुष्कळ सत्कार्य केले आहे. पण तेथे स्त्रीचे आसन परंपरेने पतीच्या हुद्द्यावरून ठरत आले. जी स्वतःच अधिकारी आहे, तिने कोठे बसावे, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. सार्वजनिक उद्योगांतील स्त्री-कर्मचाऱ्यांचे देशव्यापी व्यासपीठ 1990 मध्ये स्थापन झाले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच. जबलपूरचे आयुधनिर्माणीचे कारखाने 1 ऑक्टोबर 2021 पासून सरकारी कंपन्यांच्या अखत्यारीत गेले आहेत, तेव्हा हा प्रश्न आता येथील फाटकापाशी येऊन उभा आहे. आठ मार्चला गुलाबाचे फूल, एक व्याख्यान आणि अल्पोपाहार, एवढ्यावर भागवणारे मंडळ निघाले, तर ते नसलेले बरे. त्याने अन्याय दूर होत नाही आणि काहीतरी केल्याचे समाधान मात्र व्यवस्थापनाला मिळते. शिवाय अशा मंडळाचे कामही बहुधा स्त्रियांच्याच माथी पडते. दोन कचेऱ्या सांभाळणारीला तिसरी मिळते.

मग खऱ्या मंडळाची कसोटी कोणती? माझ्या मते ती एकच आहे: जी गोष्ट काल मर्जीने मिळत होती, ती मंडळाने आज नियमाने मिळते अशी केली काय? बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या स्त्रीचे काम पूर्वीच्याच शाखेत राहील, हे साहेबांच्या स्वभावावर अवलंबून न राहता लेखी ठरले काय? पाळणाघर कागदावरून इमारतीत आले काय? पतिपत्नींची बदली शक्यतो एका गावी व्हावी, हे केंद्र सरकारचे धोरण 1986 पासून आहे. ते अर्ज-विनंत्यांवाचून पाळले जाते काय? महत्त्वाच्या बैठकी साडेपाचच्या आत संपतात काय? आणि हे नियम झाले, की त्यांचा लाभ एकट्या स्त्रियांना होत नाही. वृद्ध आईची शुश्रूषा करणारा कारकून, विधुर झालेला हेडक्लार्क, परमुलखातून आलेला, कोणाशी ओळख नसलेला तरुण, यांनाही त्यांची सावली मिळते. कारण मर्जीच्या राज्यात ज्याला ज्याला दार ठोठवावे लागते, तो प्रत्येकजण या बाबतीत स्त्रीच्याच रांगेत उभा असतो.

अशा मंडळाने चिरंजीव होण्याची इच्छा धरू नये. विहिरीवर पूर्वी पाणपोई घालीत. गावात नळ आला की पाणपोई उठे, आणि ती उठली याचे कोणाला दुःख होत नसे. पण नळ येण्याआधीच तहानेलेल्याला ‘पाणपोई कशाला?’ असे विचारणे शहाणपणाचे नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार, ज्याने नळ आणण्यासाठी हात लावला, त्यालाच आहे. आणि कचेरीत हात लावण्याजोग्या जागी आज पुष्कळदा आपणच बसलेले असतो.