कच्चं लिंबू आणि बाटलीवरचा चेंडू

गल्ली क्रिकेटमधला सगळ्यांत न्याय्य वाटणारा नियम म्हणजे ‘आउट झालास, बॅट दे’. लहान-मोठा, हुशार-ढ, सगळ्यांना तोच. (ज्याच्या मालकीची बॅट आहे त्याचा अपवाद. तो पहिल्या बॉलला बोल्ड झाला की तो ‘ट्रायल बॉल’ असतो.)

खेळाचा नियम म्हणून हा उत्तम आहे. शिकवण्याचा नियम म्हणून मात्र अजब आहे. ज्याला चेंडू मारता येत नाही तो लगेच परत येऊन उन्हात फिल्डिंगला उभा राहतो. ज्याला आधीच येतं त्याला आणखी सराव मिळतो. ज्याला पोहता येत नाही त्याला सगळ्यांत आधी तलावाबाहेर काढायचं, असं कोणी पोहणं शिकवताना करतं का? पण शाळेच्या मैदानावर हे रोज चालतं, आणि कोणाला खटकत नाही.

मी एका प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचे खेळाचे तास घेतो. तास 35 मिनिटांचा, मुलं 40, प्लॅस्टिकच्या बॅट 4. रांगेत खाली येण्यात आणि परत जाण्यात 10 मिनिटं जातात. उरलेली 25 मिनिटं एकाच बॅटने मॅच खेळवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 40 सेकंदही येत नाहीत. चारही बॅट एकदम वापरल्या तर अडीच मिनिटं येतात. समानतेबद्दल काहीही बोलण्याआधी हा हिशेब करावा लागतो.

बरं, सहा वर्षांच्या मुलासाठी येणारा चेंडू मारणं ही सोपी गोष्ट नाही. चेंडू कुठे येतोय ते ओळखायचं, बॅट वेळेवर आणायची, तोल सांभाळायचा, आणि हे सगळं एका क्षणात. मुलं बॉलरकडे छाती करून उभी राहतात, वरचा हात खाली धरतात, आणि चेंडू मागे निघून गेल्यावर जीव खाऊन बॅट फिरवतात. ‘बॉलकडे बघ’ असं ओरडून काही होत नाही. ती बघतच असतात. म्हणून आधी चेंडूच थांबवायचा. बाटलीत थोडी वाळू भरायची आणि तिच्या तोंडावर चेंडू ठेवायचा. नाहीतर जुन्या मोज्यात चेंडू घालून तो दोरीने झाडाला टांगायचा. मोज्यातला चेंडू पळून जात नाही, त्यामुळे आणायला जाण्याचा वेळ वाचतो. हे जमलं की सरपटी चेंडू, मग एक टप्पा.

एका पालकांनी मला विचारलं, “सर, मॅचमध्ये कोण बाटलीवर बॉल ठेवून देणार आहे?” प्रश्न खवचट होता, पण वाईट नव्हता. हा लाड आहे का?

लाडासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: कच्चं लिंबू. कच्च्या लिंबाला आउट करत नाहीत. ती दयाच आहे, पण तिची किंमत असते. त्याने काढलेल्या रनसुद्धा कोणी धरत नाही. ते पोर पळतं, ओरडतं, आणि त्याच्या पळण्यावर काहीही अवलंबून नसतं. मुलांना हे फार लवकर कळतं.

बाटलीवरच्या चेंडूत अशी सूट नाही. नेम चुकला तर बाटली आडवी होते आणि सगळे हसतात. लागला तर तो खरोखर लागलेला असतो. इथे नियम सैल केलेला नाही, चेंडू बदललाय. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2012पासून 10 वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू बंद करून लाल, केशरी आणि हिरव्या खुणेचे हळू चेंडू आणले. त्या मुलांना कोणी कच्चं लिंबू म्हणत नाही.

इथपर्यंत मला शंका नाही. पुढे आहे.

अमर्त्य सेन यांच्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (2009) या पुस्तकात तीन मुलं आणि एक बासरी यांचं उदाहरण आहे. एकीला बासरी वाजवता येते, एकाकडे दुसरं खेळणंच नाही, आणि एकीने ती बासरी स्वतः बनवली आहे. बासरी कोणाला द्यायची? सेन म्हणतात, तिघांच्याही दाव्यात तथ्य आहे. शाळेत उत्तर सोपं दिसतं: शाळा शिकवण्यासाठी आहे, तेव्हा ज्याला येत नाही त्याला बॅट जास्त वेळ द्या.

पण दुसरीतली एक मुलगी आमच्याकडे सगळ्यांत लांब मारते. बाटलीवरच्या चेंडूचा तिला कंटाळा आलाय. तिने विचारलं, “सर, मला येतं म्हणून मला कमी का?” चांगलं खेळणाऱ्या मुलग्यांना मी सांगतो, संध्याकाळी खेळा. तिला ते सांगता येत नाही, कारण तिच्या बिल्डिंगमधली मुलं तिला घेत नाहीत. आठवड्यात तिच्या हातात बॅट येते ती याच तासाला. सेन यांच्या गोष्टीतली दोन मुलं तिच्यात एकत्र आली आहेत: वाजवता येणारी, आणि दुसरं खेळणं नसलेला. गरजेप्रमाणे वाटायचं म्हटलं, तर तिची गरज कोणत्या मापाने मोजायची?

सध्या मी एक बॅट तिला आणि आणखी तिघांना देतो, आणि त्यांना हलता चेंडू टाकतो. उरलेल्या 36 जणांत तीन बॅट. त्यांची अडीच मिनिटं दोनवर आली. ते अर्धं मिनिट ज्यांचं गेलं, त्यांतल्या काहींना अजून एकदाही चेंडू लागलेला नाही. शाळेकडे आणखी दोन बॅट मागितल्या आहेत. तोवर हे असंच चाललंय, आणि मोज्याची दोरी दर आठवड्याला तुटते.