कुणासाठी नेसले

ऑपेराला जाताना काय घालायचं, याचा लंडनमध्ये नियम नाही. मिलानच्या ला स्कालामध्ये हाफ पँट घातलेल्या माणसाला आत घेत नाहीत. कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तेवढंही बंधन नाही. जीन्स घालून गेलात तरी दारात कुणी अडवत नाही. नियम असता तर तो पाळून मी मोकळी झाले असते. तो नव्हता, म्हणून त्या संध्याकाळी अंगावर जे चढवलं ते सर्वस्वी माझ्या मनाचं होतं, आणि त्याचा जाबही मला माझ्यापाशीच द्यायचा आहे.

मी पैठणी नेसले. येवल्याची, जांभळी, पदरावर मोर असलेली. आयुष्यातला पहिला ऑपेरा, तोही व्हेर्दीचा ‘ला त्राव्हियाता’. अशा दिवशी ठेवणीतल्या साडीची घडी मोडायची नाही तर कधी, असं मी घरी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण कपाटात एक लांब काळा ड्रेसही होता. तो मी आदल्या रात्री घालून पाहिला, आरशासमोर थोडा वेळ उभी राहिले आणि काढून ठेवला. ड्रेस घातला असता तर तिथल्या बायकांच्या रांगेत माझी मोजदाद झाली असती: कापड कसलं, शिलाई कुठली, बूट शोभतात की नाही. पैठणीला त्यांची पट्टी लागू पडत नाही. हातमागाची की यंत्रमागाची, किती हजारांची, यातलं त्यांना काहीच ओळखता येत नाही. हीच साडी नेसून मी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या पायऱ्या चढले असते, तर चारजणींनी काठावरून एक नजर फिरवून माझ्या घरची सगळी हकिकत वाचली असती. लंडनमध्ये मला त्यातून सूट हवी होती. नेसताना अभिमान होता, आणि त्या अभिमानाच्या आडोशाला भीती उभी होती. कुणाचा वाटा किती, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

निघण्यापूर्वी आईचा फोन आला.

“पदर भिजू देऊ नकोस गं, जर काळी पडते. आणि नथ घातलीस का?”

“नथ नको आई.”

“का नको?”

मी विषय बदलला. साडी तिथल्या लोकांना सुंदर वाटेल आणि नथ तमाशा वाटेल, असा हिशेब माझ्या मनात आधीच झालेला होता. किती मराठी दिसायचं, हेसुद्धा मी त्यांच्या नजरेनेच ठरवलं होतं.

तरीही नटून जाण्यात गैर आहे असं मला वाटत नाही. बालगंधर्वांच्या भूमिकांमधले शालू, दागिने, नेसण्याची ढब पाहून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. समोरचा कलावंत आपल्यासाठी एवढं करून उभा राहतो, तेव्हा आपणही अंघोळ करून, केस नीट विंचरून, बरं नेसून जावं. यात कलेचा मान आहे, असं मी मनापासून मानते. प्रश्न एवढाच की त्या रात्री हा मान मी किती वेळ दिला.

माझी जागा अगदी वर, ॲम्फिथिएटरमध्ये होती. पूर्वी वरच्या स्वस्त जागांचं दार वेगळं आणि जिनाही वेगळा असे. 1999 साली नव्या रूपात उघडलेल्या इमारतीत आता काचेच्या मोठ्या दालनातून सरकत्या जिन्याने वर जाता येतं. शेजारी साध्या स्वेटरमधले एक वृद्ध गृहस्थ होते. मांडीवर संगीताची संहिता, पानांचे कोपरे झिजून गोल झालेले, मधेमधे पेन्सिलीच्या खुणा. दिवे मंद होईपर्यंत ते वाचत राहिले. मी पदर मांडीवर गोळा करून खालच्या लाल खुर्च्यांकडे बघत होते. कुणाचे खांदे उघडे, कुणाच्या गळ्यात मोती, कोण आपल्यासारखं वेगळं दिसतंय. त्या गृहस्थांनी एकदाही खाली पाहिलं नाही.

‘ला त्राव्हियाता’ ही पॅरिसमधल्या व्हायोलेटा नावाच्या गणिकेची गोष्ट आहे. पात्रांचे कपडे त्या काळचेच, म्हणजे प्रेक्षकांसारखेच असावेत, अशी व्हेर्दीची इच्छा होती. व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहाने ते मानलं नाही. 6 मार्च 1853 रोजी पहिला प्रयोग झाला तो गोष्ट 1700 च्या सुमारास मागे ढकलून, जुन्या पोशाखांत. पुढेही कित्येक वर्षं ती तशीच होत राहिली. व्हेर्दीला काय हवं होतं ते मला समजतं. आपल्याच अंगावरचं रेशीम रंगमंचावर दिसलं असतं, तर या बाईला वापरणारे आणि मग टाकणारे लोक कोण, हे बॉक्समधल्या कुटुंबांना कुणी सांगावं लागलं नसतं. दीडशे वर्षांचं अंतर मिळालं की रडणं सोपं जातं. माझ्या पैठणीनेही मला तसंच अंतर मिळवून दिलं होतं. ही माणसं त्यांची, हे पाप त्यांचं, मी पाहुणी.

तिसऱ्या अंकात मात्र ते अंतर राहिलं नाही. क्षयाने खंगलेली व्हायोलेटा, प्रियकर परत आल्याच्या आनंदात, बाहेर पडायचं म्हणून दासीकडे कपडे मागते. नेसू लागते. अंगात त्राणच नसतं, आणि ती कपडे टाकून देते. पहिल्या अंकात तिच्या झगमगाटावर अख्खं पॅरिस जमलेलं असतं. आता एक साधा पोशाख अंगावर चढवायची ताकद तिच्यात उरलेली नाही. ज्या मारी दुप्लेसीवरून ही गोष्ट सुचली, ती 1847 साली, वयाच्या 23व्या वर्षी गेली. मागाहून तिच्या सामानाचा लिलाव झाला. जिवंतपणी तिच्या घराची पायरी ज्या चढल्या नसत्या, त्या प्रतिष्ठित बायका तिचे कपडे आणि दागिने पाहायला आल्या.

मला आमच्या वाड्यातल्या बाई आठवल्या. मागच्या खोलीत एकट्या राहायच्या. इतक्या चापूनचोपून नेसलेल्या निऱ्या मी अजून दुसऱ्या कुणाच्या पाहिलेल्या नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आजी मला दारोदार पाठवायची, आणि त्यांचं एक दार वगळायला सांगायची. त्या दारातच बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, “फ्रॉक छान आहे गं तुझा. आईने शिवला?” त्या ॲम्फिथिएटरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर, माझ्याहून भारी साडी नेसून, त्या येऊन बसल्या असत्या तर मला आनंद झाला असता का? व्हायोलेटासाठी डोळे पुसताना मी हे स्वतःला विचारलं, आणि चटकन हो म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला फोन करून त्यांचं काय झालं ते विचारलं.

“आज कशी आठवण आली त्यांची?” ती जरा थांबून म्हणाली. “वाडा पाडायच्या वेळी गेल्या कुठेतरी. जाताना साड्या विकायला काढल्या होत्या. सगळ्या बघायला गेल्या.”

“तूसुद्धा?”

“मीसुद्धा. एक घेतली. अंजिरी रंगाची. आहे अजून. का गं, हवी आहे तुला?”

ती साडी नेसून मी ऑपेराला गेले, तर तो त्या बाईंचा मान होईल, की लिलावाला गेलेल्या बायकांत आणखी एकीची भर पडेल, हे मला ठरवता आलेलं नाही. आईला मी अजून हो म्हटलेलं नाही.